जिवंत कॅन्सर पेशींचं विभाजन मोजतात कसं? आणि ‘९० टक्के पेशी नष्ट’ वाचल्यावर काय विचारायचं?

‘प्रयोगशाळेत ९० टक्के कॅन्सर पेशी नष्ट!’ असा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेलाच असेल. कधी त्यात हळदीचं नाव असतं, कधी गव्हांकुराच्या रसाचं, कधी एखाद्या नव्या औषधाचं. सोबत एक जांभळा-हिरवा फोटो. फॉरवर्ड करणाऱ्या काकांना आपण ‘फेक आहे’ म्हणून मोकळे होतो. पण गंमत अशी आहे की तो ९० टक्क्यांचा आकडा अनेकदा खोटा नसतो. तो खरंच कुठल्यातरी लॅबमध्ये मोजलेला असतो. तो कशाचा आकडा आहे हेच मेसेजमध्ये नसतं.

मी पांढरकवड्याचा, म्हणजे केळापूर तालुक्याचा. काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे घरात एक पोरगं इंजिनिअर झालं की मोबाईल हँग होण्यापासून बायोप्सीच्या रिपोर्टपर्यंत सगळे फोटो त्यालाच येतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ‘हे डॉक्टरांनाच विचारा’ हेच माझं पहिलं उत्तर असतं. पण मोजण्याची पद्धत, त्यातला डेटा आणि त्यातल्या चुका हा माझ्या कामाचा भाग आहे. आणि जिवंत पेशींचं विभाजन मोजणं हा आज जितका जीवशास्त्राचा विषय आहे, तितकाच सॉफ्टवेअरचाही झालाय. म्हणून हा लेख.

पेशीचा एक दिवस

पेशी दुप्पट होते म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी पटकन बघू. एका पेशीच्या दोन होण्याच्या प्रवासाला पेशीचक्र म्हणतात. आधी पेशी वाढते, मग आपल्या डीएनएची पूर्ण कॉपी काढते, मग थोडी तयारी करते आणि शेवटी मायटॉसिस. शाळेच्या पुस्तकात ज्याला सूत्री विभाजन म्हटलंय ते हेच. गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी राहतात, दोन बाजूंना ओढली जातात आणि एकाच्या दोन पेशी होतात.

जगभरच्या लॅबमध्ये वापरल्या जाणाऱ्या हेला नावाच्या कॅन्सर पेशींना हा सगळा प्रवास करायला साधारण एक दिवस लागतो. त्यात प्रत्यक्ष मायटॉसिस असतो फक्त तासाभराचा. बाकीचे बावीस-तेवीस तास पेशी बाहेरून बघितली तर विशेष काही करताना दिसतच नाही. काही पेशी तर या चक्रातून बाहेर पडून नुसत्या बसून राहतात, जिवंत पण विभाजन बंद. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टोल नाक्यावरचा फोटो

मोजण्याची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे पेशींना मारून, रंग देऊन, मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि शंभरातल्या किती पेशी मायटॉसिसमध्ये आहेत ते मोजायचं. याला मायटॉटिक इंडेक्स म्हणतात. शंभरात चार सापडल्या आणि चक्र चोवीस तासांचं असेल, तर मायटॉसिसला अंदाजे एक तास लागतो, असा ढोबळ हिशेब निघतो.

आता नागपूर-हैदराबाद हायवेवरचा आमचा केळापूरचा टोल नाका डोळ्यांसमोर आणा. ड्रोननं नाक्याचा एक फोटो काढला. रांगेत चाळीस गाड्या. यावरून काय समजायचं? आज ट्रॅफिक वाढलंय, की गेटचं मशीन बंद पडून गाड्या अडकल्यात? फोटो एकच आहे आणि अर्थ एकदम उलटे. एक म्हणतो रस्ता जोरात चालू आहे, दुसरा म्हणतो रस्ता ठप्प आहे.

कॅन्सरच्या औषधांमध्ये अगदी हाच घोळ होतो. पॅक्लिटॅक्सेल हे नाव ज्यांच्या घरात केमो झालीय त्यांनी ऐकलेलं असतं. अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून ते पहिल्यांदा मिळालं आणि १९९२ मध्ये तिथे त्याला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. लॅबमध्ये नेहमीच्या डोसला हे औषध पेशीला मायटॉसिसमध्येच अडकवून ठेवतं. म्हणजे औषध दिल्यावर मायटॉटिक इंडेक्स चारवरून चाळीसवर जाऊ शकतो. फक्त फोटो बघणारा म्हणेल, अरे बाप रे, औषधानं विभाजन दहापट वाढलं! खरं तर गेट बंद पडलंय.

आपल्या अंगणातल्या सदाफुलीचंही असंच. तिच्यातून विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही दोन औषधं निघाली. विनब्लास्टिन १९५८ मध्ये कॅनडात सापडलं, आणि विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरलं जातं. गुणसूत्रं ओढायला पेशी जे बारीक दोर तयार करते, ते दोर विनक्रिस्टिन तयारच होऊ देत नाही. पॅक्लिटॅक्सेल ते दोर सुटू देत नाही. दोन्हीकडे निकाल एकच: सगळी गुणसूत्रं नीट बांधली गेल्याचा सिग्नल मिळत नाही आणि पेशी थांबून राहते. (कृपया सदाफुलीची पानं चघळू नका. त्या पानांत शंभरच्या वर वेगवेगळी अल्कलॉइड्स आहेत, कुठल्या पानात कुठलं किती हे कोणालाच माहीत नसतं, आणि विनक्रिस्टिनचा डोस थोडा जरी चुकला तरी नसांना इजा होते. हॉस्पिटलमध्ये ते मिलिग्रॅममध्ये मोजून देतात ते उगाच नाही.)

मग टोल नाक्याचं खरं काय ते कळायला काय लागेल? फास्टॅगचा डेटा. प्रत्येक गाडी नाक्यावर कधी आली आणि कधी बाहेर पडली. पेशींच्या बाबतीत याला लाइव्ह-सेल इमेजिंग म्हणतात. पेशी जिवंत ठेवायच्या, दर काही मिनिटांनी फोटो काढायचा, आणि प्रत्येक पेशीचा हिशेब वेगळा ठेवायचा.

रिपोर्टमधला केआय-६७

इथे एक थांबा घेतो, कारण मला येणाऱ्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न याच आकड्याबद्दल असतात. विशेषतः ब्रेस्ट कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘केआय-६७ : ३० टक्के’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि घरचे गुगल करून घाबरतात.

केआय-६७ हे एक प्रोटीन आहे. जर्मनीतल्या कील शहरात ते सापडलं म्हणून नावात ‘की’, आणि ६७ हा प्लेटवरच्या खान्याचा नंबर. ज्या पेशी पेशीचक्रात आहेत त्यांच्यात ते असतं, ज्या नुसत्या बसून आहेत त्यांच्यात नसतं. ३० टक्के म्हणजे मोजलेल्या शंभर कॅन्सर पेशींपैकी तीस पेशींच्या केंद्रकाला रंग चढला. म्हणजे त्या क्षणी तीस गाड्या रस्त्यावर होत्या, सत्तर घरी उभ्या होत्या. रस्त्यावरच्या गाड्या ताशी शंभरनं पळत होत्या की बैलगाडीच्या वेगानं, हे त्यात नाही. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला की घड्याळ थांबतं. त्यानंतर जे दिसतं तो फोटो.

पण म्हणून तो आकडा निरुपयोगी नाही, हेही सांगितलं पाहिजे. असंख्य पेशंटमध्ये हा आकडा आणि पुढे काय झालं याची सांगड घातलेली आहे, आणि डॉक्टर तो ग्रेड, हार्मोन रिसेप्टर वगैरेंसोबत एकत्र वाचतात. ‘३० टक्के म्हणजे कॅन्सर रोज ३० टक्के वाढतोय’ असा अर्थ मात्र अजिबात नाही. हा गैरसमज मी इतक्यांदा ऐकलाय की शेवटी लिहूनच टाकावं म्हटलं.

एकच आकडा, तीन गोष्टी

आता मुख्य मुद्द्यावर. समजा एका डिशमध्ये १०० कॅन्सर पेशी आहेत आणि त्या २४ तासांत दुप्पट होतात. औषध नाही दिलं तर तीन दिवसांनी ८००. औषध दिलं आणि तीन दिवसांनी मोजलं, तर निघाल्या साधारण २००. औषधानं काय केलं?

पहिली शक्यता. एकही पेशी मेली नाही. फक्त वेग मंदावला, २४ तासांऐवजी ७२ तासांत दुप्पट. १०० च्या २००.

दुसरी शक्यता. वेग तोच राहिला, पण दर दिवशी शंभरातल्या ३७ मेल्या. हिशेब करून बघा: १०० च्या २००, त्यातून १२६ उरल्या. त्यांच्या २५२, उरल्या १५९. त्यांच्या ३१८, उरल्या २००. तोच आकडा, पण मधल्या काळात दोनशेच्या वर पेशी मेल्या.

तिसरी शक्यता माझ्या मते सगळ्यात धोकादायक. ८६ पेशी गप्प बसल्या, ना मेल्या ना वाढल्या. उरलेल्या १४ वर औषधाचा काहीच परिणाम झाला नाही. त्या १४ च्या तीन दिवसांत ११२ झाल्या. ११२ आणि ८६ मिळून १९८. म्हणजे पुन्हा दोनशेच.

बातमीत तिन्हींचं एकच वाक्य येईल: ‘औषधामुळे कॅन्सर पेशींमध्ये ७५ टक्के घट.’ ८०० ऐवजी २००, गणित बरोबर आहे. आता आणखी तीन दिवस थांबा, सगळं जसं चालू आहे तसंच चालू ठेवा. पहिल्या दोन डिशमध्ये ४०० पेशी होतील. तिसरीत १४ च्या वंशातल्याच ८९६, वर त्या ८६. एकूण ९८२. एकाच आकड्यावर उभ्या असलेल्या डिश तीन दिवसांत एकमेकींपासून दुपटीहून जास्त लांब गेल्या.

शेवटी मोजलेली संख्या ही जन्म वजा मृत्यू असते. फक्त वजाबाकीचं उत्तर दिलं तर मूळ दोन आकडे कोणालाच सांगता येणार नाहीत. त्यासाठी डिशमधल्या पेशी एकेक करून, जिवंत असताना बघाव्याच लागतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गटानं नेमकं हेच मांडलं. एकेका पेशीचा व्हिडिओ बघून किती पेशी विभाजित होत राहिल्या, किती थांबल्या आणि किती मेल्या, हे वेगवेगळं काढायचं, आणि मग एकूण संख्येचा आलेख त्यावरून समजून घ्यायचा.

मेलेली की झोपलेली?

‘९० टक्के नष्ट’वाल्या बातम्यांमागे बहुतेकदा एक साधी, स्वस्त टेस्ट असते. तिचं नाव एमटीटी, १९८३ पासून वापरात आहे. पिवळा रंग टाकायचा, जिवंत पेशी चयापचयातून त्याचा जांभळा करतात. जांभळेपणा मशीननं मोजायचा. फॉरवर्डमधला जांभळा फोटो कधी कधी याच प्लेटचा असतो.

यात मोजलं जातं ते पेशींचं चयापचय. विभाजन मोजलंच जात नाही, मृत्यूही नाही. जांभळा रंग कमी झाला म्हणजे पेशी मेल्या, किंवा कमी जन्मल्या, किंवा जिवंत आहेत पण सुस्त पडल्यात. शिवाय टाकलेला पदार्थ स्वतःच रंगीत असेल किंवा चमकत असेल तर मोजमाप बिघडू शकतं. हळदीतला कर्क्युमिन याबाबत कुप्रसिद्ध आहे. औषधं शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांच्या यादीत तो ‘टेस्टलाच फसवणारा पदार्थ’ म्हणून नोंदलेला आहे. हळद वाईट आहे असं मी म्हणत नाही, भाजीत घाला. पण तिच्या नावावरच्या टक्केवारीकडे जरा जास्त संशयानं बघा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला हे सगळं वाचताना सगळ्यात जास्त पटली. समजा दोन प्रकारच्या कॅन्सर पेशी आहेत. एक वेगवान, तीन दिवसांत आठपट. दुसरी संथ, तीन दिवसांत फक्त दुप्पट. दोघींना असं औषध दिलं जे विभाजन पूर्ण थांबवतं, पण कोणालाच मारत नाही. पहिलीत १०० च्या १०० राहिल्या, औषधाशिवाय ८०० झाल्या असत्या, म्हणून ८७.५ टक्के घट. दुसरीत १०० च्या १००, औषधाशिवाय २००, म्हणून ५० टक्के घट. औषधानं दोन्हीकडे तंतोतंत एकच काम केलं. पेपरात मात्र एक पेशी ‘संवेदनशील’ आणि दुसरी ‘औषधाला दाद न देणारी’ ठरली! २०१६ मध्ये हार्वर्ड आणि व्हँडरबिल्ट, दोन्हीकडच्या गटांनी यावर वेगवेगळे उपाय सुचवले. दोन्हींचा गाभा एकच: शेवटची संख्या सोडा, वाढीचा दर मोजा. बाइकचं अॅव्हरेज काढताना किती किलोमीटर चालवली हे न विचारता फक्त किती पेट्रोल संपलं ते सांगणं जसं निरर्थक, तसंच हे.

व्हिडिओ काढणं वाटतं तितकं सोपं का नाही

फोनमध्ये टाइमलॅप्स मोड असतो, मग मायक्रोस्कोपवर कॅमेरा लावला की झालं, असं वाटेल. कल्पना खरंच तितकीच सरळ आहे. अडचणी पुढे सुरू होतात.

पेशी पारदर्शक असते. साध्या मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशी पाण्यातल्या काचेसारखी, जवळपास न दिसणारी. म्हणून पूर्वी मारून रंगवावी लागायची. फ्रिट्झ झर्निके या डच शास्त्रज्ञानं फेज कॉन्ट्रास्ट पद्धत काढली. पेशीतून जाताना प्रकाश किंचित मागे पडतो, तो फरक उजेड-अंधारात बदलायचा. १९५३ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. या पद्धतीत मायटॉसिसला आलेली पेशी सपाटची गोल होते आणि एकदम चमकायला लागते. रात्री टोल नाक्यावर ब्रेकलाइट लागावेत तशी.

दुसरी मोठी उडी म्हणजे जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रोटीन, जीएफपी. त्याला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल आहे. डीएनए ज्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो त्याला जीएफपी जोडलं की गुणसूत्रं स्वतःच हिरवी दिसतात, पेशी जिवंत असताना. त्याच वर्षी जपानमध्ये फुची नावाची युक्ती आली, जी मला फार आवडते. पेशीचं केंद्रक विभाजनानंतरच्या टप्प्यात लाल दिसतं आणि डीएनएची कॉपी सुरू झाली की हिरवं होतं. सिग्नलच! फक्त इथे लाल पेशी पुढे जायची आहे आणि हिरवी वाटेवर निघालेली आहे. जी पेशी दिवसेंदिवस लालच राहते ती बसून आहे.

पण प्रकाश फुकट मिळत नाही. चमकवण्यासाठी मारलेला तीव्र निळा प्रकाश पेशीत घातक ऑक्सिजन रेणू तयार करतो आणि पेशीला इजा करतो. जास्त फोटो काढले तर आपण मोजतोय त्या विभाजनालाच आपण ब्रेक लावतो. कमी काढले तर तासाभराचं मायटॉसिस दोन फोटोंच्या मध्ये निसटतं. दर अर्ध्या तासाला एक फोटो असेल तर विभाजन झालं एवढं कळतं, पण गुणसूत्रं कशी वेगळी झाली ते बघायचं तर दर तीन-चार मिनिटांनी फोटो हवा. शिवाय तीन दिवस ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ओलावा आणि फोकस, सगळं स्थिर. काच गरम होऊन केसाच्या जाडीपेक्षाही कमी हलली तरी रात्रभराचा व्हिडिओ धूसर.

आणि स्टोरेज. एक फोटो २०४८ बाय २०४८ पिक्सेलचा, १६ बिटचा, म्हणजे साधारण ८.४ एमबी. दर दहा मिनिटांनी एक, तीन दिवस: ४३२ फोटो, ३.६ जीबी. हा फक्त एका जागेचा, एका रंगाचा हिशेब. ९६ खान्यांची प्लेट, प्रत्येक खान्यात चार जागा घेतल्या की जवळपास १.४ टीबी. तुमच्या १२८ जीबीच्या फोनसारखे अकरा फोन एका प्रयोगात भरले.

९९ टक्के अचूकता पुरेशी नाही

इथून माझा प्रांत. एवढे फोटो माणूस बघू शकत नाही, सॉफ्टवेअर लागतं. काम दोन भागांत आहे. आधी प्रत्येक फोटोत पेशींच्या कडा ओळखायच्या, मग या फोटोतली ही पेशी म्हणजे पुढच्या फोटोतली कुठली, हे जुळवायचं.

कडा ओळखण्यात २०१५ मध्ये मोठा फरक पडला. जर्मनीतल्या फ्रायबर्ग विद्यापीठातून यू-नेट नावाचं न्यूरल नेटवर्क आलं आणि त्या वर्षीच्या पेशी ट्रॅकिंगच्या स्पर्धेत त्यानं बाकीच्यांना मागे टाकलं. मूळ प्रश्न होता पेशींच्या फोटोंचा, पण आज त्याचे वंशज फोटो तयार करणाऱ्या एआय मॉडेल्सच्याही पोटात आहेत. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये यू-नेटच होतं. म्हणजे तुमच्या फोनवरच्या एआय फोटोचं एक मूळ मायक्रोस्कोपखाली आहे.

जुळवणं मात्र अजून अवघड जातं. टिपेश्वरचं उदाहरण देतो, आमच्या शेजारचंच अभयारण्य. कॅमेरा ट्रॅपमध्ये पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. पेशींना पट्टे नसतात, सगळ्या सारख्याच दिसतात, एकमेकींवर चढतात आणि मध्येच एकीच्या दोन होतात. म्हणून प्रत्येकीला जणू रेडिओ कॉलर लावावी लागते. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ कॉलरसकट निघाला आणि हजार किलोमीटरच्या वर चालत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर नसती तर टिपेश्वरच्या नोंदीत एक वाघ कमी आणि ज्ञानगंगेत एक वाढला, एवढंच दिसलं असतं. एकीकडे मृत्यू समजला असता, दुसरीकडे जन्म. पेशी फ्रेमच्या कडेवरून बाहेर गेली की सॉफ्टवेअरचा हाच गोंधळ होतो.

आता एक आकडा बघा. समजा सॉफ्टवेअर दर फोटोला ९९ टक्के पेशी बरोबर जुळवतं. ऐकायला भारी. दर अर्ध्या तासाला फोटो, तीन दिवस म्हणजे १४४ वेळा जुळवणी. ०.९९ चा १४४ वा घात काढा: ०.२३५. म्हणजे शंभरातल्या जेमतेम चोवीस पेशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत न चुकता फॉलो झाल्या. बाकीच्यांची कुठे ना कुठे अदलाबदल. अचूकता ९९.९ वर नेली तर शंभरातल्या ८६-८७. मोबाईल अॅपमध्ये ९९ टक्क्यांवर आपण पार्टी करतो, इथे ९९ टक्के म्हणजे तीन चतुर्थांश वंशावळी चुकीच्या. म्हणूनच चांगल्या लॅबमध्ये आजही शेवटी कोणीतरी डोळ्यांनी तपासत बसलेलं असतं.

बघितल्यावर काय दिसलं

इतका खटाटोप करून मिळालं काय? २००८ मध्ये मँचेस्टरच्या गटानं कॅन्सर पेशींच्या १५ प्रकारांना मायटॉसिस अडवणारी औषधं दिली आणि दहा हजारांहून जास्त पेशी एकेक करून बघितल्या. मायटॉसिसमध्ये अडकलेली पेशी मरते, असं ढोबळपणे धरलं जायचं. प्रत्यक्षात काही तिथेच मेल्या, तर काही बऱ्याच तासांनी विभाजन न करताच गेट चुकवून बाहेर पडल्या आणि जगल्या. एकाच प्रकारच्या, एकाच डिशमधल्या पेशींनीही वेगवेगळं केलं. सरासरीत हे कधीच दिसलं नसतं.

२०१० मध्ये मायटोचेक नावाच्या युरोपीय प्रकल्पानं आणखी मोठा पल्ला गाठला. माणसाचे सुमारे २१ हजार जीन्स एकेक करून बंद करायचे आणि प्रत्येक वेळी हेला पेशींचा दोन दिवसांचा व्हिडिओ. जवळपास १ लाख ९० हजार व्हिडिओ झाले. विभाजनाला कुठले जीन्स लागतात याची यादी त्यातून निघाली.

आणि २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातून आलेला निकाल तर लॅबवाल्यांनाच विचारात पाडणारा होता. पॅक्लिटॅक्सेल घेतलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटच्या गाठीत औषधाचं प्रमाण लॅबमध्ये नेहमी वापरतात त्यापेक्षा बरंच कमी होतं. तेवढ्या प्रमाणात पेशी अडकतच नाहीत. त्या विभाजन पूर्ण करतात, पण दोनऐवजी तीन-चार दिशांना ओढाओढ होऊन गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि पुढच्या पिढीतल्या पेशी मरतात. म्हणजे औषध काम करत होतंच. कसं करतं याचं आपलं चित्र चुकीच्या डोसवर काढलेलं होतं. ‘लॅबमध्ये पेशी मेल्या’ वाचल्यावर ‘किती डोसला?’ हा प्रश्न यासाठी विचारायचा.

पुणे-मुंबई-बाल्टिमोर

या सगळ्याची एक मराठी बाजू आहे, आणि ती आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय नावाचे संशोधक शरीराबाहेर माणसाच्या पेशी जगवण्याच्या मागे होते. टाइमलॅप्सनं पेशींच्या फिल्म काढण्यातही ते सुरुवातीच्या लोकांपैकी. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी त्यांच्या लॅबमध्ये वाढतच राहिल्या. त्याच हेला. लॅक्स त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेल्या. त्यांची परवानगी कोणी घेतली नव्हती, आणि तो वाद आजही संपलेला नाही.

याच जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकायला पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे गेल्या होत्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, माहेरचं नाव समर्थ. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. अमेरिकेतून परत येऊन त्यांनी मुंबईत देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. १९८२ मध्ये पद्मभूषण. २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलनं डूडल केलं, तेव्हा माझ्यासकट बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आज हे काम नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेकमध्ये चालतं, आणि पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. पुण्याचं केंद्र देशभरच्या लॅबना पेशींचे नमुने पुरवतं, हेलासुद्धा.

स्वतः करून बघायचंय?

लॅब लागत नाही, लॅपटॉप लागतो. सेल ट्रॅकिंग चॅलेंजच्या वेबसाइटवर मायटोचेकच्या हेला पेशींचे व्हिडिओ मोफत आहेत, हिरव्या चमकणाऱ्या गुणसूत्रांचे. दर अर्ध्या तासाला एक फोटो, एकूण ९२ फ्रेम. फिजी हे मोफत सॉफ्टवेअर टाका, त्यात ट्रॅकमेट आधीच असतं. कडा ओळखायला सेलपोज, तेही मोफत. लॅपटॉप जुना असेल तर गुगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच चालतं, फोनच्या हॉटस्पॉटवरही.

सॉफ्टवेअर चालवण्याआधी मात्र एक करा. पहिल्या फ्रेममधली एक पेशी निवडा आणि ९२ व्या फ्रेमपर्यंत स्वतः डोळ्यांनी तिचा माग काढा. कुठल्या फ्रेमला गुणसूत्रं रांगेत आली, कुठल्या फ्रेमला दोन झाल्या, त्या दोघींचं पुढे काय झालं, वहीत लिहा. दोघींपैकी एक कदाचित दुसरीच्या आधी पुन्हा विभाजित होईल. मग त्याच पेशीसाठी ट्रॅकमेटचं उत्तर उघडा. डेटासोबत माणसांनी तपासलेली उत्तरपत्रिकाही दिलेली आहे, तिच्याशी दोन्ही ताडून बघा.